माणदेशाचे खिलार : एका गोवंशाचा जमाखर्च

गुरांना 'धन' म्हणण्याची रीत या देशात फार प्राचीन आहे. धन म्हटले की त्याची वृद्धी आली, तशीच झीजही आली; आणि झीज नेमकी कोठून सुरू झाली हे समजून घ्यावयाचे तर जुनी खाती उघडून पाहावी लागतात. देशी गुरांच्या बाबतीत आज तसे करण्याची वेळ आली आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील गाय-बैलांची एकूण संख्या सुमारे १९ कोटी २५ लाख भरली. २०१२ च्या तुलनेत ती किंचित वाढलेली दिसते. परंतु हा एकूण आकडा फसवा आहे. या सात वर्षांत विदेशी व संकरित गुरे सुमारे २७ टक्क्यांनी वाढली, तर देशी गुरे ६ टक्क्यांनी घटली. महाराष्ट्रात तर गोवर्गीय पशूंची एकूण संख्याच सुमारे १० टक्क्यांनी कमी झाली.

ही घट कोणा एकाच्या दोषाने झालेली नाही. तिच्यामागे शेतीची पद्धत, पाणी, बाजार, कायदा आणि श्रद्धा अशा अनेक गोष्टी गुंतलेल्या आहेत. त्या एकेक करून पाहण्यासाठी महाराष्ट्रातील एकाच जातिवंत गोवंशाचा इतिहास पुरेसा बोलका आहे. तो गोवंश म्हणजे खिलार.

नाव आणि मुलूख

जुन्या मराठीत 'खिलार' म्हणजे गुरांचा कळप आणि 'खिलारी' म्हणजे तो कळप राखणारा. कळपाचेच नाव पुढे जातीला मिळाले. सातारा, सांगली, सोलापूर व कोल्हापूर या जिल्ह्यांचा आणि त्यांना लागून असलेल्या उत्तर कर्नाटकाचा प्रदेश हा या वंशाचा मूळ मुलूख. त्यातही माण नदीच्या काठचा माणदेश हे त्याचे माहेर मानले जाते. पांढरा किंवा करडा रंग, घट्ट कातडी, लांब व निमुळता चेहरा, मागे जाऊन धनुष्यासारखी वळलेली शिंगे, टणक खूर आणि चपळ चाल, ही त्याची लक्षणे. आटपाडी महाल, म्हसवड, तापीकाठचे थिलारी आणि नकली असे त्याचे प्रकार जाणकार सांगतात. यांपैकी आटपाडी महाल हा पूर्वीच्या औंध संस्थानाचा भाग होता. संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले, पण महालाचे नाव बैलाच्या रूपाने टिकून राहिले.

म्हैसूरकडील हळ्ळीकार व अमृतमहाल या वंशांशी खिलारचे नाते असल्याचे पशुतज्ज्ञ मानतात. म्हैसूरच्या राजांनी सतराव्या शतकात 'बेण्णे चावडी' नावाचे स्वतंत्र खाते उभारून राजकळप सांभाळला आणि टिपू सुलतानाने त्याला 'अमृतमहाल' हे नाव दिले. त्या कळपासाठी 'कावल' नावाची राखीव कुरणे होती. माणदेशात असा राजाश्रय मोठ्या प्रमाणावर नव्हता. येथे वंश राखला तो धनगर-खिलाऱ्यांनी, कुणब्यांनी आणि देवाच्या जत्रांनी. पाऊस कमी, जमीन हलकी, पाणी दूर. अशा मुलखात थोड्या वैरणीवर निभावणारे आणि उन्हात दूरवर चालणारे जनावरच टिकू शकत होते. खिलारचे गुण हे या कोरडेपणातून घडलेले गुण आहेत.

महाराष्ट्रातील इतर देशी जातींचीही हीच कथा आहे. डांगी हा सह्याद्रीच्या मुसळधार पावसाचा व भातखाचरांचा बैल. त्याच्या कातडीवर तेलकटपणा असल्याने पाणी टिकत नाही. देवणी व लाल कंधारी हे मराठवाड्याचे, तर गवळाऊ हा वर्धा-नागपूरकडचा. प्रत्येक जात ही त्या त्या मातीने शेकडो वर्षे केलेली निवड आहे. म्हणूनच एक जात गेली म्हणजे दुसरी आणून तिची जागा भरून काढता येत नाही.

जमेची बाजू

खिलार गाय दुधासाठी कधीच प्रसिद्ध नव्हती. वासराचे पोट भरून घरापुरते दूध मिळाले तरी शेतकरी समाधानी असे. तिचे खरे मोल तिच्या खोंडात होते. या खोंडाला कुणब्याच्या संसारात चार-पाच ठिकाणी काम मिळे, आणि म्हणून त्याला किंमत होती.

पहिले काम मोटेचे. विहिरीच्या धावेवर बैल पुढेमागे चालवून चामड्याच्या मोटेने पाणी उपसले जाई. बागायत करावयाची तर चांगले बैल हवेत, हा सरळ हिशेब होता. दुसरे काम नांगराचे. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानाने दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली आणि तेथून लोखंडी नांगर गावोगाव गेला. जमीन खोल नांगरणारे हे अवजार ओढण्यास दणकट बैलांच्या जोड्या लागत. म्हणजे सुरुवातीच्या काळात कारखान्यात बनलेल्या अवजाराने बैलाची गरज कमी न करता उलट वाढविली. तिसरे काम गाडीचे. धान्य, गूळ, कापूस आणि कापडाचे गठ्ठे बाजारपेठेपर्यंत पोहोचत ते बैलगाडीनेच. पेठेतील व्यापार आणि शिवारातील बैल यांचे नाते असे जवळचे होते.

१९५० मध्ये प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पुढील दोन-तीन दशकांत पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांचे जाळे पसरले. उसाच्या वाहतुकीसाठी रबरी टायरच्या बैलगाड्या आल्या. मराठवाड्यातून, विशेषतः बीडकडून, ऊसतोड कुटुंबे आपल्या बैलांसह येऊ लागली. मोट बंद होत असताना या कामाने बैलाला आणखी काही काळ आधार दिला.

या सर्वांच्या जोडीला शेणखत होते, आणि शेवटी खोंडाची विक्री. चार वर्षे जोपासलेली जोडी जत्रेत विकून मुलीचे लग्न किंवा विहिरीचे खोदकाम पार पाडणारी कुटुंबे माणदेशात कमी नव्हती. दावणीचा खोंड ही एक प्रकारची मुदतठेवच होती.

जत्रा : वंशाची पेढी

खरसुंडी व म्हसवड येथील सिद्धनाथाच्या यात्रा, पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, पंढरपूरची कार्तिकी आणि सांगोल्याचा आठवडी बाजार ही खिलार खरेदी-विक्रीची नामांकित ठिकाणे. या जत्रांकडे केवळ बाजार म्हणून पाहिल्यास त्यांचे निम्मेच महत्त्व लक्षात येते. येथे जाणकार मंडळी बैलाचे दात पाहून वय ठरवीत. आदत, दुसा, चौसा असे वर्ग पाडीत. शिंग, खूर, शेपूट, कातडी व चाल पारखीत. हेडे व शेतकरी रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवीत. कोणत्या वळूची संतती चांगली निघाली, कोणत्या गावची गाय वाणाची, हे ज्ञान कोठेही लिहिलेले नव्हते; ते वर्षातून एकदा जत्रेत तपासले जाई आणि पुढील पिढीकडे जाई. वंशावळीची वही नसलेल्या मुलखात जत्रा हीच वही होती.

ही साखळी अलीकडे दोनदा तुटली. २०२० व २०२१ मध्ये करोनामुळे यात्रा भरू शकल्या नाहीत. त्यातून सावरत असतानाच २०२२ मध्ये लम्पी चर्मरोगाची साथ आली आणि जनावरांची ने-आण व बाजार बंद ठेवावे लागले. रोग आटोक्यात आणण्यासाठी ते आवश्यकच होते. तथापि ज्याच्या दावणीला विकाऊ खोंड उभे होते, त्याला वैरणीचा खर्च चालू आणि विक्री बंद असा दुहेरी भार सोसावा लागला.

जमा आटली, खर्च राहिला

स्वातंत्र्यानंतर तेलइंजिने आणि पुढे विजेचे पंप विहिरीवर आले. ज्या किर्लोस्कर घराण्याच्या नांगराने बैलाला काम दिले, त्याच उद्योगसमूहाच्या पंपांनी व इंजिनांनी त्याला मोटेवरून सोडविले. यात बैलाचे कष्ट वाचले हे खरे. पण त्याच्या खात्यातील पहिली जमा बंद झाली. नंतर ट्रॅक्टर आला, मालमोटारी आल्या, आणि नांगर व गाडी ही खातीही आटत गेली.

येथे जमिनीच्या वाटणीचा मुद्दा ध्यानात घ्यावा लागतो. १९७०-७१ मध्ये महाराष्ट्रातील सरासरी जमीनधारणा ४.२८ हेक्टर होती; २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टरवर आली. दहा एकरांत बैलजोडीला वर्षभर काम असते. तीन एकरांत ते काही आठवड्यांपुरतेच उरते. खाणे मात्र ३६५ दिवस लागते. अशा स्थितीत लहान शेतकऱ्याने जोडी विकून नांगरणीपुरता भाड्याचा ट्रॅक्टर आणला, तर त्याच्या हिशेबात चूक काढता येत नाही.

दुसरा बदल दुधाचा. १९६७ मध्ये मणिभाई देसाई यांनी उरुळी कांचन येथे 'बाएफ' ही संस्था स्थापन केली. १९७० मध्ये देशात दुधाच्या महापूर योजनेस प्रारंभ झाला. होल्स्टिन फ्रिजियन व जर्सी वळूंचे गोठवलेले वीर्य गावोगाव पोहोचले आणि संकरित गाई दारोदारी दिसू लागल्या. या कार्याने हजारो गरीब कुटुंबांच्या हाती दर आठवड्याला रोख पैसा दिला. त्याचे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल. मात्र याची दुसरी बाजूही होती. देशी गाईला विदेशी वळूचे वीर्य दिले की तिच्या पोटी देशी वासरू जन्मत नाही. गाय तीच राहते, पण वंशाची रेघ तेथे थांबते. शिवाय संकरित खोंडाला वशिंड नीट नसते, उन्हात तो लवकर दमतो, आणि त्याला बैल म्हणून मागणी नसते. पूर्वी खोंड जन्मला की पेढे वाटणारे घर आता कालवडीची वाट पाहू लागले.

गायरान आणि वळू

गावाच्या गुरांना चरण्यासाठी गायरान, आणि गाईंना फळविण्यासाठी गावचा वळू, या दोन गोष्टी कोणा एकाच्या मालकीच्या नव्हत्या. देवाच्या नावाने सोडलेल्या वळूला शिवारात कोणी हटकीत नसे. त्याचे खाणे सर्वांचे आणि त्याचे पुण्यही सर्वांचे. गायराने जसजशी अतिक्रमणात व इतर कामांत गेली, तसतसा मोकळा वळू उभ्या पिकाचा शत्रू ठरला. आज जातिवंत वळू राखणे हे ऐपतदार व हौशी माणसांचे काम झाले आहे.

वळू थोडे उरले की आणखी एक धोका संभवतो. पुष्कळ गाई मोजक्याच वळूंपासून फळल्या, तर काही पिढ्यांत नात्यातल्या नात्यात प्रजनन होऊ लागते. वासरे अशक्त निपजतात आणि जातीची रोगांशी झगडण्याची शक्ती क्षीण होते. म्हणून एखाद्या वंशाची केवळ संख्या मोजून भागत नाही. त्यात किती वेगवेगळ्या घराण्यांचे वळू शिल्लक आहेत हेही पाहावे लागते.

यात दुष्काळाची भर पडते. १८७६-७८ चा महादुष्काळ, १८९९-१९०० चा छप्पन्नचा काळ आणि १९७२ चा दुष्काळ यांनी दख्खनच्या गोधनाला जबर तडाखे दिले. २०१२-१३ व २०१८-१९ मध्ये माणदेशात चारा छावण्या उघडाव्या लागल्या. माणसे आपल्या जनावरांसह महिनोन्‌महिने छावणीत राहिली. दुष्काळात शेतकरी सर्वांत आधी विकतो ते रोजचे उत्पन्न न देणारे जनावर. दूध देणारी संकरित गाय राहते आणि खिलार कालवड बाजारात जाते. दुष्काळ संपल्यावर पाणी परत येते. विकलेली कालवड मात्र परत येत नाही.

शर्यत आणि कायदा

शेतीतील काम आटल्यावर खिलार खोंडाची किंमत टिकवून धरली ती शर्यतींनी. पुणे परिसरातील बैलगाडा, पश्चिम महाराष्ट्रातील छकड्यांच्या शर्यती आणि विदर्भातील शंकरपट यांना जुनी परंपरा आहे. परंतु शर्यतीत बैलांना टोचणे, मारणे, शेपट्या पिरगळणे असे प्रकारही घडत, आणि त्याविरुद्ध भूतदयावादी न्यायालयात गेले. जुलै २०११ मध्ये केंद्र शासनाने बैलाचा समावेश खेळ-प्रदर्शनास मनाई असलेल्या प्राण्यांत केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टू व बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली. २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह शर्यतींना परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरविली.

या प्रकरणात दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे. मुक्या जनावराला वेदना देऊन करमणूक करणे कोणत्याही धर्मास मान्य होणार नाही. त्याचबरोबर बंदीच्या काळात खोंडाचा भाव पडला आणि अनेकांनी पैदास सोडली, हे पाळणाऱ्यांचे गाऱ्हाणेही खोटे नाही. मात्र एवढे लक्षात ठेवले पाहिजे की शर्यत फक्त वेगाला बक्षीस देते. गाईची प्रजननक्षमता, काटकपणा, शांत स्वभाव यांना ती विचारीत नाही. केवळ शर्यतीवर उभा असलेला वंश एकाच गिऱ्हाईकावर चालणाऱ्या दुकानासारखा असतो. ते गिऱ्हाईक फिरले की दुकान बसते.

मार्च २०१५ मध्ये महाराष्ट्रात गाईबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी लागू झाली. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी कायम ठेवली. ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य शासनाने देशी गाईस 'राज्यमाता-गोमाता' घोषित केले आणि गोशाळांतील देशी गाईंसाठी दररोज प्रत्येकी ५० रुपयांचे अनुदान मंजूर केले. कायद्याने जनावराचा जीव वाचला. पण निवृत्त बैलाच्या चाऱ्याचा प्रश्न कायदा सोडवू शकत नाही. तो प्रश्न शेतकऱ्याच्या दावणीवरून उठून गोशाळेच्या आणि पांजरपोळाच्या दारात येऊन उभा राहिला आहे.

पांजरपोळ : जीवरक्षा आणि वंशरक्षा

पांजरपोळाची परंपरा जैन व वैष्णव व्यापारी समाजाने शतकानुशतके जपली. मुंबईचा पांजरपोळ १८३४ मध्ये स्थापन झाला. शेठ मोतीचंद अमीचंद आणि सर जमशेटजी जीजीभॉय हे त्याचे अग्रणी होते. एक जैन आणि दुसरे पारशी. व्यापाऱ्यांनी आपल्या मालाच्या उलाढालीवर स्वखुशीने 'लागा' बसवून अशा संस्थांचा खर्च चालविला. म्हातारे, लंगडे, आंधळे जनावर तेथे मरेपर्यंत सांभाळले जाई. त्याच्यापासून उत्पन्नाची अपेक्षा नव्हती, आणि हेच या दयेचे मोठेपण होते.

परंतु जीव वाचविणे आणि वंश टिकविणे ही दोन वेगळी कामे आहेत. पांजरपोळात गावोगावची, मिश्र रक्ताची, बहुधा वयस्क जनावरे येतात. त्यांची सेवा हे पुण्यकार्य आहे. पण त्यांच्यापासून शुद्ध खिलार वंश चालत नाही. एखाद्या संस्थेने १,००० जनावरे सांभाळली तरी त्यांत जातिवंत, तरुण, फळणाऱ्या गाई आणि नोंद असलेला वळू नसेल, तर त्या जातीच्या भवितव्यात काहीही भर पडत नाही. उलट एखाद्या सामान्य शेतकऱ्याच्या गोठ्यातील तीन शुद्ध गाई वंशाच्या दृष्टीने अधिक मोलाच्या ठरतात.

हा भेद नवा नाही. महात्मा गांधींनी गोरक्षणाच्या चळवळीत गोशाळांनी चांगली पैदास व दुग्धव्यवसाय हाती घ्यावा, असा आग्रह धरला होता. १९४१ मध्ये वर्ध्यात गोसेवा संघ स्थापन झाला आणि जमनालालजी बजाज यांनी आयुष्याचा शेवटचा काळ त्या कार्याला वाहिला. वर्धा हा गवळाऊ जातीचाच मुलूख होय. पहिल्या पंचवार्षिक योजनेत पैदासीसाठी 'की व्हिलेज' योजना आणि वृद्ध जनावरांसाठी 'गोसदन' योजना अशा दोन स्वतंत्र योजना आखल्या गेल्या. म्हणजे जीवरक्षेसाठी एक व्यवस्था व वंशरक्षेसाठी दुसरी, हा विचार तेव्हाच मांडला गेला होता. पुढे दुधाच्या गरजेपुढे तो मागे पडला. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय गोकुळ मिशनने देशी जातींचा विषय पुन्हा पुढे आणला आहे.

पुढील ताळेबंद

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष साधा आहे. खिलार वंश शेकडो वर्षे टिकला तो त्याला काम होते, चरायला गायरान होते, गावात वळू होता आणि पारख करणारी जत्रा होती म्हणून. या चारही आधारांना पन्नास-साठ वर्षांच्या आत धक्का बसला. गाईची एक पिढी साधारण पाच वर्षांची धरली, तर पन्नास वर्षे म्हणजे जेमतेम दहा पिढ्या. शेकडो वर्षांत जे घडले ते दहा पिढ्यांत विस्कटू शकते, ही गोष्ट चिंता करण्यासारखी आहे.

उपायही इतिहासातच सापडतात. ज्या संस्थांकडे जमीन व दानशूर आश्रयदाते आहेत, त्यांनी वृद्ध जनावरांच्या सेवेबरोबर आपल्या भागातील एका देशी जातीचा छोटा, नोंदलेला कळप वेगळा राखावा. जातिवंत वळू ठेवून तो आसपासच्या शेतकऱ्यांना विनामूल्य उपलब्ध करून द्यावा. गावच्या वळूची जुनी प्रथा अशा रीतीने नव्याने उभी राहू शकेल. प्रत्येक वासराच्या आई-बापाची नोंद वहीत व्हावी. दुष्काळाच्या वर्षी धान्यदानाइतकेच चारादान महत्त्वाचे मानून शुद्ध कालवडींना प्रथम आश्रय द्यावा. आणि जो लहान शेतकरी तोटा सोसूनही दावणीला खिलार गाय ठेवतो, त्याला वैरणीसाठी हात द्यावा. कारण वंश गोशाळेत नव्हे, त्याच्याच गोठ्यात चालणार आहे.

पूर्वजांनी व्यापारावर लागा बसवून मुक्या जिवांसाठी कायमची तरतूद केली. त्या तरतुदीने आजवर असंख्य जीव वाचले. आता त्याच तरतुदीचा एक अंश न जन्मलेल्या वासरांच्या नावे ठेवण्याची आवश्यकता आहे. तसे झाल्यास माणदेशाच्या माळावर धनुष्यासारख्या शिंगांचा हा पांढरा बैल पुढील पिढ्यांनाही दिसत राहील.